अमृतांजन पूल १८३० चा नव्हता

काल परत एक फॉरवर्ड आला, "१९० वर्षांचा अमृतांजन पूल". २०२० पासून हा आकडा फिरतोय. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

आपल्या निगडी-चाकणकडून एक्सप्रेस-वेने मुंबईला जाणाऱ्यांना खंडाळ्याजवळचा तो दगडी पूल आठवत असेल. ५ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमुळे रस्ता ओस पडलेला असताना, सुरुंग लावून तो पाडला. बहुतेक बातम्यांत बांधकामाचं साल १८३०.

आता बघा. पूल रेल्वेचा. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ साली. १८३० मध्ये खुद्द इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे नुकती सुरू झाली होती. मग बोरघाटात रेल्वेचा पूल कोण बांधणार?

१८३० हे साल रस्त्याचं आहे. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमने त्या वर्षी नोव्हेंबरात खुला केला. खालच्या रस्त्याचं साल वरच्या पुलाला चिकटलं, आणि मग एकाचं बघून दुसऱ्याने छापलं.

घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला पुरं झालं. चढ खडा, ३७ फुटांना एक फूट. सरळ चढायला जागा नाही, म्हणून मुख्य इंजिनिअर बर्कलेने रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा घाट चढायची. हा पूल त्याच जुन्या मार्गावरचा. १९२९ च्या सुमारास मार्ग बदलला, पूल रिकामा पडला. पुढे बामच्या जाहिरातीमुळे नाव पडलं ते कायमचं.

सालावरून एवढं का भांडायचं? कारण १८३० म्हटलं की ही सात वर्षं गायब होतात. घाटात हजारो मजूर पटकीने, तापाने, अपघातांत मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि लगेचच वारला. बायको अ‍ॅलिसने ठेका पुढे नेला. तिचं नाव निदान सापडतं. टोपल्या वाहणाऱ्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही.

पूल पाडायला माझा विरोध नव्हता, आधीच सांगतो. खांब रस्त्यातच यायचे, कोंडी आणि अपघात नेहमीचे. पण पाडलेल्या वास्तूचा जन्मदाखला तरी खोटा नको.

कुणाचे आजोबा-पणजोबा घाटात रेल्वेच्या कामावर असतील, घरात जुने फोटो असतील, तर खाली टाका.