वसईच्या किल्ल्यांतील चिमाजी अप्पांचें स्मारक

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांतील मुलांस घेऊन मी वसईच्या किल्ल्यांत गेलों होतों. चिमाजी अप्पांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशीं एका मुलानें विचारलें, "फादर, ह्या लढाईंत आपण जिंकलों कीं हरलों?" मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. (सेमिनरींत असले प्रश्न कोणी विचारीत नसे.)

इ. स. १७३७ त आरंभिलेली ही मोहीम १७३९ च्या मे महिन्यांत संपली. सुरुंगांनीं संत सेबास्तियन बुरुजास खिंडार पडलें, मराठे आंत घुसले आणि १६ मे रोजीं पोर्तुगीजांनीं शरणागति पत्करली. त्यांना शस्त्रें व चीजवस्तु घेऊन जाण्याची मोकळीक मिळाली. फिरंगी अंमलदार गलबतांत बसून निघून गेले. येथील माती कसणारे आपले पूर्वज येथेंच राहिले. देवळांच्या घंटा मात्र लुटींत घाटावर गेल्या. नाशिकास गोदेकाठीं नारोशंकराच्या देवळांत १७२१ सालची घंटा आहे, ती वसईचीच म्हणून सांगतात.

"पोर्तुगीज हरले, मराठे जिंकले, आपण राहिलों," मी म्हणालों.

"मग आपली घंटा?" त्यानें विचारलें.

संत जोसेफांच्या पडक्या देवळाच्या मनोऱ्याखालीं आम्हीं शिदोरी सोडली.