पहिली खेप माहेरची, दुसरी घरची

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या बाजूला जैनद, बेला, तामसी असा मराठी बोलीचा पट्टा आहे. सरकारी कागद तेलुगूत, बाजारातला हिशेब अर्धा उर्दूत आणि ओसरीवरच्या गप्पा मराठीत, अशी इथली विभागणी. या पट्ट्यातल्या घरात सून पहिल्यांदा गरोदर राहिली की लगेच चर्चा सुरू होते ती तिला न्यायला कधी येणार याची. सातवा लागला की माहेरची माणसे येतात, ओटी भरतात आणि लेकीला घेऊन जातात. शेजारच्या तेलुगू घरातही श्रीमंतम झाले की मुलगी आईकडे जाते. भाषा बदलली तरी रीत एकच. दुसऱ्या वेळी मात्र न्यायला सहसा कुणी येत नाही आणि यायला हवे होते असे फारसे कुणाला वाटतही नाही.

पूर्वी हे जाणे-येणे घरच्या अंगणातले होते. आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद राज्यातला जिल्हा. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके त्याच जिल्ह्यात मोडत. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, हे दोन्ही तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. किनवटची लेक आदिलाबादला दिलेली असेल तर एका रात्रीत तिचे माहेर दुसऱ्या राज्यात गेले. सोयरिकी काही थांबल्या नाहीत. हद्दीपलीकडे पांढरकवडा, किनवट, माहूर आणि अलीकडे बेला, जैनद असे मुली देणे-घेणे आजही चालते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी राज्याची हद्द ओलांडून जाते, तेव्हा हद्दीची आठवण तिला होते ती दवाखान्यातले कार्ड दाखवताना.

पहिल्या खेपेचा हा मान जुना आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. सीमंतोन्नयन हा गर्भवतीचा संस्कार. साळिंदराच्या काट्याने तिच्या केसांचा भांग काढायचा, उंबराच्या कोवळ्या फळांचा घोस बांधायचा, असा त्याचा विधी गृह्यसूत्रांत येतो. तो पहिल्या गर्भात, सहाव्या किंवा आठव्या महिन्यात करावा, असे पारस्कर गृह्यसूत्र सांगते. पुढे पंडितांत वाद झाला. संस्कार पोटातल्या गर्भाचा मानायचा की बाईचा? गर्भाचा असेल तर प्रत्येक खेपेला करावा लागेल. बाईचा असेल तर एकदा पुरे. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने दुसरी बाजू घेतली आणि देवलाच्या वचनाचा आधार दिला. एकदा संस्कार झालेली स्त्री पुढच्या सगळ्या गर्भांसाठी संस्कारित झाली, असा त्याचा भाव. विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. पुढे तेही गाव निजामाच्याच राज्यात आले. डोहाळजेवण पहिल्याच वेळी का, असे विचारल्यावर ‘तशीच रीत आहे’ म्हणणाऱ्या आजीच्या पाठीशी नऊशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद उभा असतो, तिला त्याचे नावही ठाऊक नसले तरी.

डोहाळजेवणाचे रूप मात्र बायकांनीच घडवले. आधी गुपचूप चोरओटी. मग सातव्यात हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा आणि झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडायला लावून पेढा निघतो की बर्फी याचा खेळ. जिभेला जे हवे ते मागायचे आणि ते मिळायचे. सासुरवाशिणीच्या आयुष्यात असे दिवस फार थोडे असत.

पण या कौतुकाखाली भीती दडलेली होती. आई होणारी मुलगी पुष्कळदा स्वतःच पोर असे. मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा १९२९ मध्ये झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. निजामाच्या राज्यात तो आपोआप लागू झाला नाही. कोवळ्या वयात कटिभागाची हाडे पुरती वाढलेली नसतात. मूल अडले की आई आणि मूल दोघांच्याही जिवाशी गाठ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्याच आनंदीबाईंनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली तेव्हा प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. अशा काळात पहिली खेप आईच्या नजरेखाली पार पाडणे हा शहाणपणाचाच भाग होता. त्यात एक व्यवहारही होता आणि त्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. सुईणीची साडी-चोळी, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, बाळंतविडा, बारशाचे जेवण हा सगळा खर्च मुलीच्या बापावर पडे. लग्नात देणे देऊन झाल्यावर त्याच्यापुढे आलेला हा दुसरा हप्ताच म्हणायचा. माहेरची माया खरी होती आणि सासरची बचतही खरी होती.

जचकी (सीमाभागात बाळंतपणाला हाच शब्द जास्त चालतो) घरात होई तेव्हा बोलावणे जाई ते सुईणीला. मुसलमान वस्तीत तिला दाई म्हणत, तेलुगू वाड्यात मंत्रसानी. पहिलटकरीण असेल तर सुईण घाई करत नसे. आजच्या प्रसूतिशास्त्राचे म्हणणेही तेच आहे. पहिल्या खेपेला कळा बारा-चौदा तास, कधी त्याहूनही जास्त चालतात. दुसऱ्या खेपेला हा वेळ बहुधा निम्म्यावर येतो, कारण गर्भाशयाचे तोंड आणि पुढची वाट एकदा ताणली गेलेली असते. बाळाची हालचाल पहिलटकरणीला साधारण पाचव्या महिन्यात कळते. दुसऱ्या वेळी ती दोन-तीन आठवडे आधीच ओळखू येते, कारण पोटातला हा वारा नव्हे, हे आता बाईला ठाऊक असते. पोटही लवकर दिसू लागते. उलट बाळ झाल्यावर गर्भाशय आवळताना येणाऱ्या कळा दुसऱ्या खेपेला जास्त त्रास देतात, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके यांचा धोका पहिल्या वेळी अधिक. दुसरी खेप सोपी असते ही समजूत इतपत खरी आहे.

मात्र सोपी म्हणून ती निष्काळजीपणे घेतली गेली आणि तिथेच घात झाला. कळा झपाट्याने वाढतात म्हणून दुसरटकरीण वाटेतच अडकते. उटनूरच्या डोंगराळ भागात गोंड आणि कोलाम पाडे दूर-दूर पसरलेले आहेत आणि पावसाळ्यात ओढे भरले की रस्ता तुटतो. एकत्रित आंध्रात १०८ ची रुग्णवाहिका २००५ मध्ये सुरू झाली खरी, पण पाड्यावरून तिला फोन लागेपर्यंत आणि ती येईपर्यंत जो वेळ जातो तो पहिलटकरणीकडे असतो, दुसरटकरणीकडे नसतो. महाराष्ट्राने आदिवासी भागासाठी माहेरघर योजना काढली. दिवस भरत आलेल्या बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहायचे, सोबत एक नातलगही चालेल. सरकारने त्या खोलीला माहेराचे नाव दिले आणि कितवी खेप हे विचारले नाही. रूढीने हे कधी केले नव्हते.

दुसऱ्या खेपेच्या बाईचे दिवस कसे जात, हे समजून घ्यायला आदिलाबादचे पीक पाहावे. हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते आणि ती मुख्यतः बायकांच्या हातांवर चालते. कमरेला ओटी बांधून वाकत-वाकत ओळीने बोंडे वेचायची, ओटी भरली की धुऱ्यावर रिकामी करायची. पहिल्या वेळी वेचणीच्या ऐन हंगामातही जिला ‘जड काम करू नको’ म्हणून घरी बसवलेले असते, तीच दोन वर्षांनी सहावा महिना असताना ओळीत दिसते. तिच्या मागे थोरले पोर, घरी सासऱ्याचा चहा आणि संध्याकाळची चूल. पहिल्या बाळंतपणाला सव्वा महिना खोलीत शेक-शेगडी, ओवा-शेपाची धुरी, गरम पाण्याने अंग चोळून घेणे. दुसऱ्या वेळी पुष्कळ घरांत बारसे झाले की ती चुलीपुढे. रक्त पहिल्या खेपेतच कमी झालेले असते आणि ते भरून येण्याआधीच दुसरी सुरू होते. एक मूल झाल्यावर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिच्या महत्त्वाचे एक कारण हे रक्तही आहे.

या घाईची किंमत थोरले पोरही देत असे. आईला पुन्हा दिवस गेले की त्याचे दूध तुटे आणि ते किरकिरे होऊन वाळत जाई. आफ्रिकेत गोल्ड कोस्टला काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये मुलांचा एक आजार नोंदवला. आईचे दूध सुटून नुसत्या मक्याच्या पेजेवर आलेल्या मुलाला तो होई, अंगाला सूज येई आणि केसांचा रंग उडे. तिथल्या बायकांनी त्याचा संबंध पाठच्या भावंडाशी आधीच जोडलेला होता. वैद्यकशास्त्रात तो क्वाशिओरकोर म्हणून ओळखला जाऊ लागला.

एक संकट तर असे होते की ते पहिल्या खेपेला जवळजवळ सोडून देई आणि दुसरीपासून पुढे धरी. पहिले मूल धडधाकट, नंतरची मात्र पोटातच जात किंवा जन्मतः पिवळी पडून दगावत. गावात मग सटवाईचा कोप, कुणाची तरी नजर, नाहीतर बाईचाच पायगुण. माहूरच्या रेणुकेला नवस बोलले जात. खरे कारण रक्तगटात होते. आईचे रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळंतपणात आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि ती पुढच्या गर्भावर हल्ला करतात. हा उलगडा १९४० च्या आसपास झाला. प्रतिबंधक इंजेक्शन १९६८ मध्ये आले. ते पहिल्या बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत द्यायचे असते, म्हणजे दुसऱ्या मुलाचे औषध पहिल्या मुलाच्या वेळी. पहिली खेप किनवटला आणि दुसरी आदिलाबादला असे झाले, तर माहेरच्या दवाखान्यातला रक्तगटाचा कागद सासरी पोचणे किती मोलाचे, हे यावरून कळावे.

सरकारनेही खेपा मोजल्या, फक्त मोजण्याची पद्धत वारंवार बदलली. १९९५ च्या राष्ट्रीय प्रसूती लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या बाईला पहिल्या दोन मुलांपर्यंत मदत होती. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये देण्याचे ठरवले आणि त्यात मुलाचा क्रमांक घातला नाही. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा रक्कम ५,००० झाली आणि ती फक्त पहिल्या जिवंत मुलापुरती. विज्ञानेश्वराचे मत जणू दिल्लीने मान्य केले. त्याच वर्षी जूनमध्ये तेलंगणाने केसीआर किट सुरू केले. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला मुलगा झाला तर १२,००० आणि मुलगी झाली तर १३,००० रुपये, चार हप्त्यांत, आणि सोबत बाळाच्या सामानाची पेटी. हे दोन बाळंतपणांपर्यंत मिळे. त्यामुळे काही वर्षे हद्दीच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला मातृवंदनेच्या हिशेबात दुसऱ्या खेपेची किंमत शून्य होती आणि तेलंगणाच्या बाजूला ती पहिलीइतकीच होती. बाळंतविड्यातल्या झबल्या-टोपड्यांचा जो खर्च पूर्वी बापावर पडे, त्यातला काही भाग सरकारने उचलला, तोही बाळंतपण आपल्या राज्यातल्या दवाखान्यात होण्याच्या अटीवर. माहेरी जाण्याच्या रितीला पहिल्यांदाच पैशाचा अडसर आला. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या मुलालाही ६,००० रुपये लागू केले, पण ते मूल मुलगी असेल तरच.

आदिलाबाद शहरात २००८ मध्ये राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘रिम्स’, सुरू झाले आणि मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर किंवा हैदराबाद गाठण्याची गरज कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणातली ९७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत असल्याचे दिसले. सिझेरियनचे प्रमाण ६०.७ टक्के, देशातले सर्वांत जास्त. महाराष्ट्रात ते २५.४ होते. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेचे जुने गणित या एका आकड्याने उलटेपालटे करून टाकले आहे. पहिल्या वेळी पोटावर टाका पडला की दुसऱ्या वेळी वाट सैल झाल्याचा निसर्गाने दिलेला फायदा हाती राहत नाही. जुन्या व्रणावर कळांचा ताण येऊ देणे जोखमीचे ठरते, नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहायला रात्रंदिवस भूल देणारा डॉक्टर आणि रक्त हाताशी लागते, आणि त्यामुळे ‘पहिलं सिझर तर दुसरंही सिझर’ हे वाक्य सासू-सुना दोघी सारख्याच खात्रीने म्हणतात.

तेलंगणातल्या साठ टक्क्यांहून अधिक विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, असेही त्याच सर्वेक्षणात आढळले. ती बहुधा दुसऱ्या मुलाच्या पाठोपाठ होते आणि सिझेरियन असेल तर त्याच टेबलावर. आजीच्या काळी दुसरी खेप ही सहा-सातांपैकी एक असे, आठवणीत वेगळी न राहणारी. नातीच्या बाबतीत ती शेवटची असते, म्हणून आता काही घरांत तिचेही डोहाळजेवण होऊ लागले आहे. थोरले पोर आईच्या मांडीवर बसून पेढ्याची वाटी स्वतःच उघडून टाकते आणि पहिल्या वेळी आतबाहेर करणारी सासू या वेळी न्यायला कोण येणार हे विचारायच्या आधी रिम्समधली तारीख विचारते.