सर, एक विचारायचं होतं

बटनांच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत ‘सर’ लिहायला दहा वेळा बटन दाबावं लागायचं. सातचं चार वेळा, चारचं तीन वेळा, परत सातचं तीन वेळा. लातूरच्या अभ्यासिकांत बसणारी पोरं हे न बघता करायची. ‘सर’च्या पुढं प्रश्न असायचा. फॉर्मची शेवटची तारीख कोणती, अमुक पुस्तकाची नवी आवृत्ती आली का, एका एकराचे चौरस फूट किती. माझ्या ओळखीचे एक ग्रंथपाल रात्री जेवण उरकलं की चष्मा लावून दिवसभराचे मेसेज उघडायचे आणि एकेकाला उत्तर द्यायचे. खर्च स्वतःच्या खिशातून. दिवाळीला मेसेजचं पॅक चालायचं नाही, तेव्हा तर प्रत्येक उत्तराचे पैसे वेगळे पडायचे. तरी उत्तर जायचं.

अमेरिकेत लुइझियानामधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयानं 2005 मध्ये अशी सेवा रीतसर सुरू केली. विद्यार्थ्यानं ग्रंथपालाला मेसेज करायचा, उत्तर फोनवर यायचं. पण या सेवेचं कूळ शोधायला गेलं तर मोबाइल मागंच राहतो. 1876 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी एक निबंध वाचला. दुकानदार जसा गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही, तसं ग्रंथपालानं विचारणाऱ्याला उत्तराशिवाय जाऊ देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथालयशास्त्रात ज्याला संदर्भसेवा म्हणतात, तिची सुरुवात या निबंधापासून धरतात. आपल्याकडं डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा, असं सांगतं.

मराठवाड्यात मात्र विचारण्या-सांगण्याची ही सवय निराळ्या वाटेनं आली. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचीही उर्दू. हैदराबादेत 1891 पासून आसफिया कुतुबखाना होता. पण नांदेडच्या माणसाला मराठी वाचायचं तर चार जणांनी मिळून स्वतःच वाचनालय काढायचं. सभेला परवानगी लागे, ‘गश्ती निशान 53’ या फर्मानाचा धाक असे. मग वाचनालयाची खोली हीच चार माणसं जमण्याची जागा झाली. वाचता येणारा एक जण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे. हे गाव कुठं आलं? या शब्दाचा अर्थ काय? थांबून सांगणाऱ्या त्या माणसाला मी आमचा पहिला संदर्भ ग्रंथपाल मानतो. पुढं 1967 चा ग्रंथालय कायदा आला, अनुदान आलं, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आले. ग्रंथपालाचा पगार मात्र आजही बहुतेक ठिकाणी घर चालवण्यापुरता नसतो, आणि ही गोष्ट मला बोचते.

जुन्या मराठीत विचारणं म्हणजे पुसणं. संस्कृत ‘पृच्छति’पासून आलेला हा शब्द ‘विचारपूस’मध्ये अजून टिकून आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत तोच ‘पृच्छा’ होऊन इस्त्रीचे कपडे घालून येतो. मला विचारपूसच बरी वाटते, तिच्यात माया आहे.

लांबून पुसायचं तर पूर्वी पोस्टकार्ड होतं. 1879 मध्ये ते आलं तेव्हा पाव आण्याला मिळायचं. उत्तर हवंच असेल तर जवाबी कार्ड. एक आपल्यासाठी, दुसरं कोरं, समोरच्यासाठी. गंमत म्हणजे मेसेजचा आकारही पोस्टकार्डाशी जाऊन भिडतो. 1985 मध्ये बॉनला फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी मेसेजची लांबी ठरवायला टाइपरायटरवर साधी वाक्यं आणि प्रश्न लिहून अक्षरं मोजली. बहुतेकांना 160 पुरत होती. पोस्टकार्डावरचा मजकूर पाहिला, तोही बहुधा दीडशेच्या आतच.

ही 160 अक्षरं रोमन लिपीची. देवनागरीत लिहिलं की मेसेजमध्ये 70 च मावत, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जाई. ‘ग्रंथपाल’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, फोनच्या हिशेबी आठांचा. म्हणून पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची. त्यात काल, कळ, कल सगळं एकच दिसायचं. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतला फरक ग्रंथपालानंच ओळखायचा. पुस्तकं लावणाऱ्या माणसाला ही नवी लिपीही लावावी लागली.

तरी मेसेजनं एक मोठं काम केलं. मुखेड, देगलूर, अहमदपूरकडच्या खेड्यांतून आलेला पोरगा काउंटरसमोर उभा राहायला बिचकतो. आपला प्रश्न बावळट ठरेल, मागं रांगेत उभे असलेले हसतील. फोनवर त्याला कुणी बघत नाही. शेतकऱ्यांसाठी 21 जानेवारी 2004 ला किसान कॉल सेंटरचा 1551 हा क्रमांक सुरू झाला. तिथंही आपल्या बोलीत, तोंड न दाखवता विचारता येत होतं. विचारायची लाज गेली की निम्मं शिक्षण झालं, असं मला मनापासून वाटतं.

याच मेसेजची दुसरी बाजूही दिसली. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडच्या लोकांबद्दल मेसेजवरून अशा अफवा पसरल्या, की बेंगळुरू, पुण्याहून माणसं गाव गाठायला निघाली. सरकारनं पंधरा दिवस घाऊक मेसेज बंद केले, दिवसाला पाचाची मर्यादा घातली. त्या मेसेजांना कुणाचं नाव नव्हतं, कशाचा आधार नव्हता. ग्रंथपालाच्या उत्तराला मात्र कायम एक शेपूट असायचं: पुस्तकाचं नाव आणि पान.

पुढं व्हॉट्सअॅप आलं. 2020 च्या टाळेबंदीत राज्यातली ग्रंथालयं ऑक्टोबरपर्यंत कुलपात होती, तेव्हा विचारपूस तिथं चालली. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या ग्रंथपालांचा जुना फोन. एका रात्री त्यांनी तो माझ्यापुढं धरला. लातूर जिल्हा कधी झाला, असं एकानं विचारलं होतं. त्यांनी अंगठ्यानं सावकाश टाइप केलं: 16 ऑगस्ट 1982, उस्मानाबादमधून वेगळा. मग जरा थांबले आणि खाली आणखी एक ओळ घातली. पुस्तक काउंटरवर काढून ठेवलंय, उद्या येऊन बघ.