ड्रग कोर्ट: उपचाराचा पैसा कोण देणार?

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसाला थेट तुरुंगात न धाडता न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उपचार देणारे न्यायालय म्हणजे 'ड्रग कोर्ट'. अमेरिकेत पहिले ड्रग कोर्ट १९८९ साली मायामी येथे सुरू झाले. समुपदेशन, लघवीची तपासणी आणि कोर्टात वारंवार हजेरी असे त्याचे स्वरूप असते.

१९९४ च्या कायद्याने या कोर्टांसाठी केंद्रीय अनुदानाचा मार्ग खुला केला. मात्र हे अनुदान ठरावीक मुदतीचे असते आणि २५ टक्के वाटा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. मुदत संपली की समुपदेशकाचा पगार राज्याच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा घटक) अंदाजपत्रकावर येतो. वॉशिंग्टन राज्याने २००५ साली यावर वाट काढली. मानसिक आरोग्य, व्यसनोपचार आणि अशा कोर्टांसाठी काउंटींना ०.१ टक्का जादा विक्रीकर लावण्याची मुभा दिली. म्हणजे हजार डॉलरच्या खरेदीवर एक डॉलर.

आपल्याकडे एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९ नुसार, किरकोळ गुन्ह्यातील व्यसनी दोषीला त्याच्या संमतीने शासकीय किंवा शासनमान्य केंद्रात उपचारासाठी सोडता येते. पण केंद्रात खाटच नसेल तर न्यायाधीश त्याला पाठवणार कुठे? म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सुचवतो: आपल्या जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात व्यसनोपचारासाठी किती तरतूद आहे, हे माहिती अधिकारात विचारा. तरतुदीशिवाय कलम कागदावरच राहते.