मज्जातंतू, हात आणि नाव : डॉ. नोशीर अंतिया यांच्या कार्याचे अवलोकन

समाज एखाद्या रोगास जे नाव देतो, त्या नावात त्या रोगाविषयीची त्याची समजूत साठलेली असते. मराठीत एकाच व्याधीस महारोग, रक्तपिती व कुष्ठ अशी तीन नावे आढळतात. पहिल्या नावात केवळ भय आहे. दुसऱ्यात रक्त आणि पित्त यांचा दोष गृहीत धरलेला आहे. तिसरे नाव प्राचीन वैद्यकात त्वचेच्या अठरा विकारांस मिळून योजिलेले होते. या तिन्ही नावांत मज्जातंतूचा निर्देश कोठेच नाही. वस्तुतः या रोगाने मनुष्य पांगळा होतो तो मुख्यतः मज्जातंतूंच्या नाशामुळे. नावांनी जे सांगितले नाही ते शस्त्रवैद्यांनी कसे ओळखले, आणि ओळखल्यावर पुढे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अकोल्याच्या जठारपेठेत बसून हा विषय लिहिताना तो दूरचा वाटत नाही. येथून शंभरएक किलोमीटरवर, अमरावतीस, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली. त्यातूनच ‘तपोवन’ उभे राहिले. रुग्णाने भिक्षा न मागता श्रमावर जगावे, हे तेथील सूत्र होते. या कार्यासाठी १९५९ मध्ये पटवर्धनांना ‘पद्मश्री’ लाभली. परंतु श्रमाचे तत्त्व मान्य केले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. बोटे वाकलेल्या आणि चटका न जाणवणाऱ्या हाताने माणसाने श्रम करावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर रोगाच्या रीतीत दडलेले आहे. नॉर्वेतील हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला. हा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे त्वचेत आणि त्वचेलगतच्या मज्जातंतूंत, वाढतो. कोपराच्या मागून जाणारा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आकड्याप्रमाणे वळतात आणि त्या बाजूची संवेदना जाते. तव्याचा चटका किंवा काट्याची जखम कळत नाही. जखम चिघळते आणि हाड झिजते. बोटे ‘झडतात’ ही लोकसमजूत येथूनच आली. व्हेलोर येथे १९४६ पासून कार्य करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हा कार्यकारणभाव स्पष्ट केला. निरोगी स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडून वळलेली बोटे पुन्हा कामास लावता येतात, हेही त्यांनी सिद्ध केले.

महाराष्ट्रात या विद्येस स्थैर्य देणाऱ्यांत डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांचे स्थान अग्रगण्य आहे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले आणि सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली सुघटनशल्याचे शिक्षण घेऊन परतले. या प्रवासामागे एक जुना ऋणानुबंध आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याच्या परिसरातील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक करून दिले. तो वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापला गेला आणि १८१४ मध्ये कार्प्यू यांनी तेथे तीच रीत योजिली. जी कला पुण्याहून लंडनला गेली, ती अंतियांच्या द्वारे अधिक समृद्ध होऊन परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

अंतियांनी प्रथम पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांचे हात, पाय व खचलेली नाके यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरुग्णांस सामान्य रुग्णालयातच उपचार मिळावेत, हा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते त्यांच्या कार्यातील सर्वांत मोठी शस्त्रक्रिया हीच होय, कारण येथे छेद दिला गेला तो भिंतीस.

तथापि शस्त्रक्रियेची मर्यादा त्यांस ठाऊक होती. कंडरा जोडून हालचाल परत आणता येते. गेलेली संवेदना त्याने परत येत नाही. म्हणून त्यांनी मज्जातंतूंच्या विकृतीच्या संशोधनाकडे लक्ष वळविले आणि १९७५ मध्ये ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संस्था उभारली. बधिरता वेळीच ओळखली तर पांगळेपणा टळतो. परंतु ती ओळखणारा माणूस खेड्यातच हवा. मांडवा परिसरात गावातील स्त्रियांना आरोग्यशिक्षण देण्याच्या त्यांच्या उपक्रमाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. शस्त्रगृहाकडून खेड्याकडे झालेला हा प्रवास दिशाबदल नव्हे. तो त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. १९९० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

१९८२ पासून बहुविध औषधोपचार रूढ झाला. १८९८ चा कुष्ठरुग्णविषयक कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळण्यात आला. मात्र नष्ट झालेला मज्जातंतू औषधाने पूर्ववत होत नाही, आणि जुनी नावेही सहजी पुसली जात नाहीत. येथे भाषाभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. अमरावतीच्या संस्थेच्या नावात ‘महारोगी’ हा भयसूचक शब्द आहे. तिचे कार्य मात्र त्या भयाच्या नेमके उलट होते. तेव्हा केवळ शब्दावरून समाजाच्या अंतःकरणाचा निर्णय करणे युक्त नव्हे. शब्दापुढे ‘सेवा’ हे पद कोणी जोडले, आणि जोडून पुढे काय केले, तेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.