निर्यातीची जोखीम आणि सरकारची हमी

परदेशी व्यापारात माल जहाजावर चढणे आणि त्याची किंमत हाती पडणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर पडू शकते, आणि एवढ्या काळात विक्रेत्याच्या हाती ना माल असतो ना पैसा. खरेदीदाराचे दिवाळे निघणे किंवा मुदत उलटूनही त्याने पैसे न देणे ही व्यापारी जोखीम होय. तर त्याच्या देशात युद्ध पेटणे, तेथील सरकारने आयातबंदी लादणे अथवा परकीय चलन बाहेर पाठवण्यास मनाई करणे ही राजकीय जोखीम होय. अनेक बाजारपेठांत व्यवहार असलेल्या मोठ्या पेढ्या एकीकडची बूड दुसरीकडच्या नफ्यातून भरून काढू शकत. प्रथमच निर्यात करणाऱ्या कारखानदाराला मात्र एकच बुडीत व्यवहार धंद्यातून उठवण्यास पुरेसा असे.

समुद्रावरील संकटांचा विमा खासगी कंपन्या पूर्वापार उतरवीत आल्या होत्या; पण परक्या सरकारच्या निर्णयामुळे पैसे अडकण्याची शक्यता किती, हे अनुभवाच्या आकड्यांवरून ठरवता येत नसल्यामुळे या जोखमीला हात घालण्यास त्या कचरत. पहिल्या महायुद्धाने विस्कटलेला व्यापार पुन्हा उभा करण्यासाठी ब्रिटनने १९१९ मध्ये निर्यात-पतपुरवठ्याचे स्वतंत्र सरकारी खाते उघडले आणि पुढे इतर औद्योगिक देशांनीही अशाच व्यवस्था उभारल्या.

भारतात ही गरज दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तीव्र झाली. यंत्रसामग्रीच्या आयातीने परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत होती, आणि निर्यात मुख्यतः चहा, ताग व सुती कापड या जुन्या मालावर अवलंबून होती. शिलाई यंत्रे, विजेचे पंखे, सायकली यांसारख्या नव्या कारखानदारी मालाला ओळखीचे परदेशी खरेदीदार नव्हते आणि उधारीची सवलत दिल्याशिवाय नव्या बाजारपेठा मिळणे कठीण होते. या परिस्थितीत केंद्र सरकारने १९५७ मध्ये मुंबईत निर्यात जोखीम विमा महामंडळ स्थापन केले.

या विम्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. निर्यातदाराने आपल्या व्यवहारांवर हप्ता भरायचा, महामंडळाने परदेशी खरेदीदाराची पत तपासून त्याच्यापुरती उधारीची मर्यादा ठरवायची आणि पैसे बुडाल्यास नुकसानीचा मोठा भाग भरून द्यायचा, अशी ही पद्धत आहे. सर्वसाधारण विमापत्रात हा भाग नव्वद टक्क्यांपर्यंत असतो. उरलेला वाटा निर्यातदाराच्या माथी ठेवण्याचा हेतू हा, की खरेदीदार निवडताना त्याने स्वतःही सावध राहावे. छोट्या निर्यातदारांसाठी पुढे निघालेल्या खास विमापत्रात व्यापारी जोखमीचे संरक्षण ९५ टक्के आणि राजकीय जोखमीचे पूर्ण १०० टक्के करण्यात आले.

तथापि विमा असला, तरी माल तयार करण्यासाठी भांडवल लागतेच. परदेशी मागणीच्या आधारावर, माल रवाना होण्यापूर्वी दिल्या जाणाऱ्या कर्जाला बँका ‘पॅकिंग क्रेडिट’ म्हणतात. परंतु तारण नसलेल्या नवख्या निर्यातदाराला ते देण्यास त्या नाखूश असत. म्हणून १९६४ मध्ये महामंडळाची पुनर्रचना होऊन निर्यात पत व हमी महामंडळ अस्तित्वात आले आणि कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा वाटा उचलण्याची हमी त्याच्या कामाचा प्रमुख भाग बनली. १९६७ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्यात कर्जाची योजना सुरू केली, तर १९८२ पासून काम करू लागलेल्या एक्झिम बँकेने दीर्घ मुदतीच्या कर्जाची बाजू सांभाळली.

याच्या शेजारीच थेट आर्थिक साहाय्याचा दुसरा प्रवाह वाहत होता आणि त्याचा इतिहास बराच अस्थिर आहे. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करून डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेताना सरकारने निर्यातीवरील बहुतेक सवलती काढून घेतल्या, पण त्याच वर्षी काही मालासाठी रोख साहाय्य पुन्हा सुरू करावे लागले. १९९१ च्या अवमूल्यनाबरोबर रोख भरपाई योजना संपुष्टात आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एमईआयएस या प्रोत्साहन योजनेवर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप घेतला आणि २०१९ मध्ये तेथील न्यायमंडळाने भारताच्या विरोधात निर्णय दिला. त्यानंतर २०२१ पासून, मालावर आधीच भरलेले पण अन्यथा परत न मिळणारे कर परत देणारी योजना अमलात आली.

विम्याला या संघटनेच्या नियमांत स्थान आहे ते एका अटीवर: हप्त्यांतून दीर्घकालीन खर्च व नुकसान भरून निघाले पाहिजे, अन्यथा तोही निषिद्ध अनुदान ठरतो. ही अट पाळणे नेहमीच सोपे नव्हते. इराण-इराक युद्धाच्या काळात इराकमधील भारतीय कंत्राटदारांची येणी रखडली आणि १९९० च्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांनंतर ती वसूल करणे आणखी दुरापास्त झाले. एका देशातील उलथापालथ महामंडळाच्या साऱ्या हिशेबावर किती ताण आणू शकते, हे त्यातून दिसले. मोठ्या व दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांची जोखीम उचलण्यासाठी २००६ मध्ये सरकारने राष्ट्रीय निर्यात विमा खाते हा स्वतंत्र न्यास उभारला. १९५७ मध्ये सुरू झालेली व्यवस्था, २०१४ पासून ईसीजीसी लिमिटेड या नावाने, आजही चालू आहे. रोख साहाय्याच्या योजना तिजोरीच्या स्थितीप्रमाणे आणि परराष्ट्रांच्या आक्षेपांप्रमाणे बदलत गेल्या, तर ज्या मदतीची किंमत निर्यातदार स्वतः हप्त्याच्या रूपाने भरत आला, ती मदत अधिक टिकाऊ ठरली.