डू-वॉप संगीतशैलीचा उगम आणि निर्मितीहक्काचा प्रश्न

‘डू-वॉप’ ही अमेरिकेतील ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ परंपरेतील समूहगायनाची शैली होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडील असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे न्यूयॉर्क, बाल्टिमोर, शिकागो आदी शहरांत स्थलांतरित झाली. चर्चमधील गायनाचा वारसा लाभलेल्या त्यांच्या मुलांनी वाद्यांच्या अभावी रस्त्याच्या कोपऱ्यांवर कंठालाच वाद्य बनविले. मंद्र व तार सप्तकांतील आवाजांची गुंफण आणि निरर्थक अक्षरांची लय ही या शैलीची वैशिष्ट्ये ठरली. बाल्टिमोरच्या ‘ओरिओल्स’ गटाला १९४८ मध्ये मिळालेल्या यशाने तिला चालना मिळाली.

ही सामूहिक निर्मिती कायद्याच्या चौकटीत मात्र सामावली नाही. न्यूयॉर्कमधील ‘टीनएजर्स’ गटाचे ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे गीत १९५६ मध्ये गाजले. त्याची हक्कनोंदणी किशोरवयीन गायक फ्रँकी लायमन व ध्वनिमुद्रिका-निर्माते जॉर्ज गोल्डनर यांच्या नावे झाली. गटातील हर्मन सँटियागो व जिमी मर्चंट यांना ज्यूरीने १९९२ मध्ये सहलेखक ठरविले. परंतु दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटल्याच्या कारणावरून अपील न्यायालयाने १९९६ मध्ये तो निर्णय फिरविला. न्यायालयापुढील प्रश्न मुदतीचा होता, इतिहासापुढील प्रश्न निर्मितीचा आहे. म्हणूनच या शैलीचा उगम केवळ नोंदणीपत्रांच्या आधारे निश्चित करता येत नाही.